सीमोल्लंघन : एका शब्दाची व्याप्ती
म्हैसूरच्या दसऱ्याची मिरवणूक बन्नीमंटपापाशी विसावते. कन्नड ‘बन्नी’ म्हणजे शमी. मराठी दसऱ्यात शमीसवे ‘सीमोल्लंघन’ हा शब्दही येतो. वेस डोळ्यांना दिसते, हे त्यातील गृहीत. ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालेल्या व्हॉयेजर-१ यानाने २५ ऑगस्ट २०१२ रोजी सौरवाताची सीमा ओलांडली, तेव्हा दिसण्याजोगे काहीच नव्हते. सूर्यावरील उद्रेकाने भोवतालच्या प्लाझ्मात कंपने उठली. त्यांवरून घनता सुमारे चाळीसपट वाढल्याचे उमगले आणि २०१३ मध्ये निर्वाळा मिळाला. सूर्याचे गुरुत्व मात्र त्यापलीकडेही चालते. म्हणून ‘सूर्यमाला सोडली’ हे वृत्तपत्रीय विधान सैलच होय. यानावरील तबकडीत गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. उड्डाणानंतर अकराव्या दिवशी त्या निवर्तल्या.