मोझॅक : घडण आणि जपणूक

‘मोझॅक’ हा शब्द आपल्या घरांत बहुधा फरशीच्या संदर्भात उच्चारला जातो. संगमरवराचे बारीक खडे सिमेंटात मिसळून, साच्यात दाबून आणि घासून गुळगुळीत केलेल्या लादीस आपण मोझॅक म्हणतो. काटेकोरपणे बोलायचे तर ती ‘टेराझो’ होय. मूळ मोझॅक निराळे. त्यात प्रत्येक तुकडा कारागीर स्वतः निवडतो, तोडतो आणि योजलेल्या जागी बसवितो. हा भेद केवळ नावाचा नाही. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे वास्तू बांधवितात, मंदिरांचे जीर्णोद्धार करवितात. जुने जडावकाम राहावे की उखडावे, हे अशा वेळी खर्च करणाराच ठरवितो. म्हणून या कामाची रीत क्रमाने समजावून घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

पाया

रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात फरशीच्या थरांचे वर्णन करून ठेविले आहे. जमीन ठोकून सपाट केल्यावर प्रथम मूठभर आकाराहून लहान नसलेले दगड पसरावेत. त्यावर तीन भाग खडीस एक भाग चुना या प्रमाणाचा थर घालून तो धुमसाने ठोकावा. ठोकून झाल्यावर त्याची जाडी पाऊण रोमन फुटाहून, म्हणजे सुमारे नऊ इंचांहून, कमी नसावी. त्यावर तीन भाग विटांची सुरखी व एक भाग चुना यांचा सहा अंगुळांचा थर द्यावा आणि मग तुकडे बसवावेत. आपल्या जुन्या वाड्यांतील चुन्याचा कोबा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. सुरखी चुन्याशी संयोग पावते, त्यामुळे असा गिलावा ओलीतही घट्ट होत जातो.

भिंतीवर गिलाव्याचे दोन किंवा तीन थर देतात. शेवटचा थर पातळ असतो. तो वाळण्यापूर्वी जेवढ्या जागेत तुकडे बसविता येतील, तेवढ्याच जागेत लावावा लागतो. ओल्या थरावर चित्राची रेखा व रंग काढून घेतात आणि त्यांच्या आधाराने तुकडे दाबीत जातात.

तुकडे

लाकडी ओंडक्यात पोलादी छिन्नी धार वर करून रोवलेली असते. तिच्या धारेवर दगड धरून वरून हातोडीचा घाव घातला, की हवा तसा तुकडा निघतो. पायाखाली झिजणाऱ्या फरशीस दगडच योग्य. भिंतीसाठी मात्र काच अधिक शोभते. काचेच्या रसात धातूंची संयुगे मिसळून रंग आणतात. तो रस जाड भाकरीसारखा ओतून अगदी सावकाश थंड करतात आणि मग तोडतात. सोनेरी तुकड्यात सोन्याचा वर्ख काचेवर ठेवून त्यावर काचेचा पातळ पापुद्रा चढविलेला असतो. हे सर्व भट्टीत एकजीव होते. वर्ख दोन काचांमध्ये बंद राहिल्यामुळे हाताने पुसला जात नाही.

मांडणी

कारागीर प्रथम आकृतीच्या कडेने तुकड्यांची एक-दोन ओळी मांडतो आणि नंतर आतील व बाहेरील जागा भरतो. ओळींच्या वळणावरूनच गालाची गोलाई किंवा वस्त्राची चुणी प्रकट होते. पाँपेई येथे १८३१ साली सापडलेले आणि आता नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात असलेले अलेक्झांडरच्या युद्धाचे चित्र याचा उत्तम नमुना होय. त्यात सुमारे पंधरा लक्ष तुकडे असावेत असा अंदाज आहे.

इटलीतील राव्हेना येथील सान व्हिताले हे चर्च ५४७ साली विधिपूर्वक खुले झाले. तेथील भिंतींवर सम्राट जस्टिनियन व सम्राज्ञी थिओडोरा यांची चित्रे आहेत. अशा कामात काचेचे तुकडे एका पातळीत नसतात. कोणता किंचित वर, कोणता किंचित तिरपा असतो. त्यामुळे प्रत्येक तुकडा प्रकाश निराळ्या दिशेस फेकतो आणि पाहणारा चालू लागला की भिंत चमकत राहते. जो खडबडीतपणा अजाण डोळ्यास दोष वाटतो, तोच या कामाचा प्राण आहे.

उलटी रीत

एकोणिसाव्या शतकात एक नवी रीत प्रचारात आली. कागदावर चित्र उलटे काढावयाचे, त्यावर पाण्यात सुटणाऱ्या खळीने तुकडे पालथे चिकटवावयाचे, मग कागदाचे भाग पाडून त्यांस क्रमांक द्यावयाचे. पेट्यांत भरलेला हा माल दूरदेशी जातो, तेथे ओल्या गिलाव्यावर दाबला जातो आणि कागद भिजवून सोडविला जातो. व्यापारी दृष्टीने ही युक्ती मोठीच होती. काम कार्यशाळेत बसून होऊ लागले, वेळ वाचला व खर्च उतरला. परंतु टेबलावर पालथे मांडलेले तुकडे सपाटच राहतात, आणि भिंतीवरील प्रकाशाचा खेळ त्या मानाने मंदावतो. फरशीस हा दोष लागत नाही, कारण तिला सपाटीच हवी. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातील दरबार हॉलची व्हेनिशियन पद्धतीची मोझॅक फरशी पाहिली म्हणजे हे पटते. स्वस्त रीत नेहमीच वाईट असे नव्हे. ती कोठे शोभते आणि कोठे नाही, एवढे मात्र ओळखता आले पाहिजे.

आपला ठेवा

कलकत्त्यास राय बद्रीदास यांनी १८६७ साली बांधविलेले पार्श्वनाथ मंदिर आणि इंदूरचे सर सेठ हुकुमचंद यांनी उभारलेले काचमंदिर ही आपल्या परिचयाची उदाहरणे होत. काचेचे व आरशांचे हे जडावकाम राव्हेनाच्या कामाहून वेगळे असले, तरी त्याच कुळातील आहे. त्याचाही जीव मागच्या गिलाव्यात असतो. शिवाय आरशास पाठीमागून ओल लागली, की त्याचा पारा काळवंडतो. पुढून कितीही पुसले तरी तो डाग जात नाही.

ज्यांच्या हाती अशा वास्तूंची व्यवस्था आहे, त्या बंधूंस आम्ही काही गोष्टी सुचवितो. नाणे वाजवून घ्यावे तशी भिंतही बोटाच्या पेराने हलकेच वाजवून पाहावी. बद्द आवाज आला तर गिलावा सुटला आहे असे समजावे आणि तुकडे गळण्यापूर्वीच जाणकारास बोलवावे. छत किंवा पन्हाळ गळत असेल तर दुरुस्ती प्रथम तिची करावी, चित्राची मागाहून. जुन्या चुन्याच्या कामास सिमेंटचे ठिगळ लावू नये. सिमेंट चुन्याहून ताठर असते, आणि त्यातून येणारे क्षार शेजारचे काम पोखरतात. संगमरवरास व चुन्यास ॲसिड कदापि लावू नये. गळलेले तुकडे झाडून न टाकता जागेची नोंद करून डबीत ठेवावेत आणि काम सुरू होण्यापूर्वी संपूर्ण भिंतीची छायाचित्रे घ्यावीत.

नवीन काम द्यावयाचे असेल तर दरपत्रकात पायाच्या थरांची जाडी व प्रमाण स्वतंत्र लिहून मागावे. हातभर नमुना प्रत्यक्ष जागेवर, तेथल्याच उजेडात पाहून मगच संमती द्यावी. बहुतेक दरपत्रकांत तुकड्यांचा भाव ठळक असतो आणि गिलावा एका ओळीत उरकलेला असतो. आयुष्य मात्र त्या एका ओळीवर अवलंबून आहे.

जुने जडावकाम काढून चकचकीत लादी बसविण्यास काही दिवस पुरतात. उखडलेले काम पुन्हा तसे होत नाही, कारण ते मांडणारा हात गेलेला असतो. पूर्वजांनी खर्च केलेला पैसा भिंतीच्या आत, न दिसणाऱ्या थरांत गुंतलेला आहे. जीर्णोद्धाराचा ठराव मांडताना त्या थरांचा हिशेबही सभासदांनी समोर ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.