परदेशातील आप्तांना मौल्यवान भेट: पार्सलाचा खरा रखवालदार कागद

घरातील एखादा मुलगा दुबईत किंवा कुवेतमध्ये, मुलगी लग्न होऊन लंडनला, भाऊ अमेरिकेत. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आपल्या वस्त्यांत असे घर शोधावे लागत नाही. ईद आली, निकाह ठरला, बाळ जन्मले की इकडून काहीतरी पाठवण्याची ओढ लागते. सोन्याच्या बांगड्या, चांदीची अत्तरदाणी, जरीकामाचा जोडा, हातघड्याळ. त्यातच आपल्यापैकी अनेक जण व्यापारी व कारागीर आहेत. गिऱ्हाईक दागिना घडवून घेते आणि विचारते, "भाई, हा तिकडे पोहोचवायचा कसा?" या प्रश्नाचे नीट उत्तर देता आले पाहिजे, म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे एका वाक्यात असे: मौल्यवान वस्तूचे रक्षण कुलूप करीत नाही, कागद करतो. पार्सलात काय आहे, त्याची किंमत किती आणि ते कोणाचे, या तीन गोष्टी खऱ्या आणि लेखी असतील तरच हरवलेली वस्तू मिळते किंवा भरपाई मिळते. दोन घटनांवरून हे स्पष्ट होईल.

पहिली घटना. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे विमान युरोपातील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. डॉ. होमी भाभांसह ११७ जण मृत्युमुखी पडले. पुढे २०१३ साली त्याच पर्वताच्या हिमनदीवर एका गिर्यारोहकाला धातूची पेटी सापडली. आत पाचू, माणिक आणि नीलम यांच्या पुड्या होत्या, काहींवर 'मेड इन इंडिया' असे लिहिलेले होते. ही पेटी त्याच विमानातील असावी असे मानले गेले. गिर्यारोहकाने प्रामाणिकपणे ती पोलिसांच्या स्वाधीन केली. परंतु मालकाचा किंवा वारसांचा पत्ता लागला नाही. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये त्या रत्नांचे दोन वाटे झाले. एक गिर्यारोहकाला, दुसरा शामोनी गावाला.  जवळजवळ अर्धे शतक बर्फात राहूनही माल शाबूत होता. तो कोणाचा, हे सांगणारा कागद मात्र उरला नव्हता.

दुसरी घटना अलीकडची. जुलै २०१९ मध्ये मुंबईचे एक दांपत्य नातेवाईकाने सोपवलेले पाकीट घेऊन कतारला गेले. आत खाण्याचा तंबाखू आहे असे त्यांना सांगण्यात आले होते. दोहा विमानतळावर तपासणीत चार किलोहून अधिक चरस निघाला आणि दोघांना दहा दहा वर्षांची शिक्षा झाली. ते निर्दोष असल्याचे सिद्ध होऊन सुटका व्हायला मार्च २०२१ उजाडला. आपल्याकडे 'जाणाऱ्याच्या हाती' वस्तू पाठवण्याची जुनी चाल आहे आणि ती विश्वासावर चालते. पण कस्टमच्या दृष्टीने ज्याच्या सामानात वस्तू सापडते तोच जबाबदार. म्हणून पाठवणाऱ्याने वस्तू घेऊन जाणाऱ्यासमोर उघडून दाखवावी, त्याच्यासमोर बांधावी आणि खरेदीची पावती सोबत द्यावी. घेऊन जाणाऱ्यानेही बंद पाकीट संकोचापोटी घेऊ नये. अमानत स्वीकारण्याआधी ती काय आहे हे विचारणे हा अविश्वास नव्हे.

भरपाई वजनावर मिळते

बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट ही की, विमानाने जाणारा माल हरवला तर कायद्याने मिळणारी भरपाई किमतीवर नव्हे, वजनावर ठरते. भारत २००९ पासून मॉन्ट्रियल कराराचा सदस्य आहे. या करारानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून मालवाहतुकीतील जबाबदारीची मर्यादा दर किलोला २६ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी चलन. रुपयांत ही रक्कम किलोमागे साधारण तीन हजारांच्या आसपास जाते. म्हणजे तीन लाखांच्या बांगड्यांचे अर्धा किलोचे पार्सल हरवले तर हाती दीड हजार रुपये!

यावर उपाय त्याच करारात आहे. माल सोपवतानाच विशेष किंमत जाहीर करून जादा आकार भरला, तर जबाबदारी जाहीर केलेल्या रकमेपर्यंत वाढते. दुसरा उपाय स्वतंत्र विम्याचा. दोन्ही बाबतींत लिहिलेली किंमत हाच पाया आहे.

येथेच आपले लोक चुकतात. तिकडे कर कमी बसावा म्हणून तीन लाखांच्या वस्तूची किंमत पाच हजार लिहितात. पार्सल पोहोचले तर काही हजार वाचतात, हरवले तर सगळेच बुडते. कारण पाच हजारांच्या कागदावर तीन लाखांचा दावा करता येत नाही. शिवाय खोटी किंमत लिहिणे हा कस्टम कायद्याचा भंग आहे, त्यात माल जप्त होऊन दंडही होऊ शकतो. खोटे बोलून वाचवलेला कर हा नफा नसून उघडी ठेवलेली जोखीम आहे.

कोणता मार्ग निवडावा

१) टपाल. सोने, चांदी, रत्ने विमा न उतरवलेल्या पत्र-पाकिटात घालण्यास आंतरराष्ट्रीय टपाल नियमांत मनाई आहे. विमा पार्सलाची सोय सर्व देशांसाठी नसते. म्हणून आपल्या भागातील मुख्य टपाल कार्यालयात त्या देशाचे नाव सांगून विचारावे. कस्टमचा फॉर्म स्वच्छ अक्षरांत भरावा. 'गिफ्ट' एवढेच न लिहिता 'सोन्याच्या बांगड्या, दोन, २२ कॅरेट, वजन अमुक ग्रॅम' असे लिहावे.

२) खासगी कुरियर. बहुतेक कंपन्या सोने, सुटी रत्ने आणि रोकड घेतच नाहीत किंवा खास करारानेच घेतात. काउंटरवरील मुलाने "चालेल" म्हटले म्हणून भागत नाही. पावतीमागील अटी वाचाव्यात. अटींत मनाई असलेली वस्तू दुसऱ्या नावाने पाठवली, तर भरपाईचा हक्क आपणच सोडून दिला असे होते. जरीकाम, कपडे, हस्तकला यांसाठी कुरियर ठीक आहे.

३) मौल्यवान मालाची वाहतूक करणाऱ्या खास कंपन्या. हिरे-दागिन्यांची निर्यात हीच मंडळी हाताळतात. अंधेरी पूर्वेला सीप्झमध्ये दागिन्यांचे कारखाने आहेत आणि सहारचे एअर कार्गो संकुलही जवळच आहे. त्यामुळे उपनगरांतील सराफांना या कामाची माहिती असणारी माणसे सहज भेटतात. खर्च जास्त येतो, परंतु मोठ्या किमतीला हाच मार्ग शहाणपणाचा.

४) स्वतः नेणे. दागिने नेहमी हातातील सामानात ठेवावेत, चेक-इनच्या बॅगेत कधीही नाही. लग्नाला जाताना अंगावर घालून न्यायचे आणि परत आणायचे दागिने असतील, तर निघताना येथील विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यावे. ते नसेल तर परतताना आपल्याच दागिन्यांवर कर मागितला जाऊ शकतो. त्यासाठी पावती आणि वजनाचा दाखला जवळ ठेवावा व विमानतळावर लवकर पोहोचावे.

आणखी एक. भेटीची किंमत केवळ सोन्याच्या वजनात असेल आणि घडणावळीला महत्त्व नसेल, तर बँकेतून रीतसर पैसे पाठवून तिकडेच खरेदी करणे सोपे पडते. जोखीम घ्यायची ती हाताच्या कारागिरीसाठी किंवा आजीच्या आठवणीसाठी घ्यावी.

काय पाठवता येते, काय नाही

भारताच्या परकीय व्यापार धोरणाप्रमाणे एका परवाना वर्षात पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तू भेट म्हणून परदेशी पाठवता येतात, परंतु निर्बंध असलेल्या वस्तू परवानगीशिवाय नाहीत. विकलेला माल 'भेट' म्हणून पाठवू नये. पैसे घेतले असतील तर ती निर्यात आहे. तिच्यासाठी आयात-निर्यात कोड क्रमांक घ्यावा आणि बिल करावे. धंदा वाढवायचा असेल तर हीच सुरुवात योग्य.

घरातील जुन्या वस्तूंबाबत विशेष जपावे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलावस्तू आणि ७५ वर्षांहून जुने, महत्त्वाचे हस्तलिखित खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. पणजोबांच्या हातचे कुराण शरीफ किंवा जुनी नक्षीदार सुरई लेकीला द्यावीशी वाटते. पण आधी पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला दाखवून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा. वस्तू नवी पण जुन्या घडणीची असेल तरीही हा दाखला उपयोगी पडतो.

अत्तराचेही तसेच. स्पिरिट असलेले सुगंध ज्वालाग्राही म्हणून हवाई टपालात चालत नाहीत. ऊद म्हणजे अगरचे लाकूड व तेल यांच्यावर वन्यजीव व्यापाराच्या सायटिस कराराचे नियंत्रण आहे, कागदांशिवाय ते अडते. हस्तिदंत आणि मोरपिसे तर पाठवूच नयेत.

बांधण्यापूर्वी

दागिना हॉलमार्कचा असावा. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक लागतो. तो क्रमांक, वजन आणि सर्व बाजूंची छायाचित्रे जपून ठेवावीत. कोणताही दागिना ओळखण्याचा याहून पक्का पुरावा नाही. पेटी दुहेरी असावी. आतील पेटी हलणार नाही अशी भरावी. बाहेर दुकानाचे नाव किंवा दागिन्याचे चित्र नको, साधा कागद बरा. आत मात्र पाठवणारा व घेणारा यांची नावे, पत्ते, फोन आणि वस्तूंची यादी असलेली चिठ्ठी अवश्य ठेवावी. बाहेरचा पत्ता फाटला तरी ही चिठ्ठी बोलते.

घेणाऱ्याची तयारी

पाठवण्यापूर्वी घेणाऱ्याला त्या देशाचा नियम विचारायला सांगावे. ब्रिटनमध्ये टपालाने येणारी भेट ३९ पौंडांहून अधिक किमतीची असेल तर कर लागतो. संयुक्त अरब अमिरातीत प्रवाशाजवळील रोकड, मौल्यवान धातू व रत्ने ६० हजार दिऱ्हमांहून अधिक असतील तर जाहीर करावी लागतात. नियम बदलतात हेही लक्षात असावे. अमेरिकेच्या नव्या करनियमांमुळे आपल्या टपाल खात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये तिकडची पार्सले थांबवली होती, ती १५ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली.

पार्सल मिळाल्यावर सही करण्याआधी बाहेरून पाहावे, फाटलेले असेल तर पावतीवर तसे लिहावे आणि उघडताना छायाचित्रे घ्यावीत. हवाई मालाच्या नुकसानीची लेखी तक्रार १४ दिवसांत, उशीर झाल्याची २१ दिवसांत करावी लागते. दावा दाखल करण्याची मुदत दोन वर्षे आहे. मुदत गेली की हक्क गेला.

शेवटी एक सावधानता. "तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, या खात्यात पैसे भरा" किंवा "तुमच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुम्ही अटकेत आहात" असे फोन हल्ली सर्रास येतात. कस्टम खाते कोणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही आणि फोनवर अटक करीत नाही. त्याच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. शंका आली तर फोन ठेवून १९३० या क्रमांकावर कळवावे.

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना विनंती की, गिऱ्हाइकाला दागिना देताना वजन, कॅरेट, एचयूआयडी आणि खरी किंमत लिहिलेले पक्के बिल द्यावे. दहा मिनिटांचे ते काम आहे. त्या बर्फातील पेटीत एवढा एक कागद टिकला असता, तर ती रत्ने कदाचित आपल्या माणसांकडे परतली असती.