कृष्णाकाठची पदयात्रा : वाई ते मेणवली

वाई क्षेत्री देवदर्शनास येणाऱ्या भाविकांनी हाताशी अर्धा दिवस असल्यास मेणवलीपर्यंतची पायवाट अवश्य करावी. अंतर सुमारे तीन किलोमीटर. पेशवेकालीन वास्तुकला, शिल्प आणि चित्र या तिन्हींचे दर्शन या एका वाटेवर घडते.

ढोल्या गणपती : पदयात्रेचा आरंभ गणपती घाटावरून करावा. हे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधविले. विशाल आकारामुळे 'ढोल्या' या नावाने प्रसिद्ध असलेली मूर्ती एकाच शिळेतून घडविली आहे. दर्शनानंतर मंदिराच्या मागे जाऊन भिंत अवश्य पाहावी. ती मत्स्याकार, निमुळती आहे. कृष्णेला पूर आला म्हणजे पाण्याचा लोट या धारेवर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा, ही त्यामागील योजना होय. जवळच आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये बांधविलेले काशीविश्वेश्वर मंदिर आहे. तेथील काळ्या पाषाणाच्या नंदीची झिलई पाहून कारागिरांच्या चिकाटीची कल्पना येते.

मेणवलीचा घाट : ऊस व हळदीच्या शेतांमधून, उत्तरेकडील पांडवगड न्याहाळीत मेणवली येते. हे नाना फडणवीसांचे (१७४२–१८००) गाव. नदीकाठी दगडी घाट असून त्यावर मेणेश्वर व विष्णू यांची मंदिरे आहेत. तेथेच एका लहानशा देवळीत सुमारे साडेसहाशे किलो वजनाची घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तेथील चर्चमधून ज्या घंटा आणल्या गेल्या, त्यांपैकी ही एक, असे सांगितले जाते. तिच्यावर बाळ येशूसह मेरीची आकृती व १७०७ हे वर्ष स्पष्ट दिसते. घंटा विजयाची, तरीही तिच्यावरील परधर्मीय मूर्ती कोणी खरवडली नाही. ज्यांनी ती येथे टांगली, त्यांनी कलेचा मान राखला.

नानांचा वाडा : घाटालगत नानांचा सहा चौकांचा वाडा आहे. इतिहासप्रसिद्ध 'मेणवली दप्तर' येथेच जपले होते. आतील काही भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यावर देवदेवता व पौराणिक प्रसंग रंगविलेले आहेत. वाडा खाजगी मालकीचा असल्याने अनुमती घेऊनच आत जावे.

भाविकांचे कर्तव्य : कृष्णेच्या पुराचा विचार बांधणाऱ्यांनी केला होता, आपल्या हातांचा विचार त्यांना सुचला नसावा. बोटांचा घाम व तेल यांनी चित्रांचा रंग उतरतो. भिंतीवर कोरलेले नाव पुसता येत नाही. परक्यांची आकृतीही ज्यांनी जपली, त्यांच्या भिंती आपण विद्रूप कराव्यात, हे शोभणारे नाही. तरी चित्रांना स्पर्श करू नये व प्रकाशझोत टाकून छायाचित्रे घेऊ नयेत.

दात्यांनाही एक विनंती. जुन्या दगडी देवळास तैलरंग देण्यासाठी देणगी देऊ नये. रंगाने दगडाची छिद्रे बुजतात, ओल आत कोंडते आणि कोरीवकाम झिजते. त्याऐवजी गळके छप्पर, तुंबलेली पन्हाळी व शिखरावर उगवणारे पिंपळाचे रोप यांकडे लक्ष पुरवावे. असे दान डोळ्यांत भरत नाही. पण देवालय त्यानेच टिकते.