चिनी भाषेचे अध्यापन : कोणाला आणि कशासाठी

जबलपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिपरिया हे स्थानक लागते. तेथून सातपुड्याचा घाट चढला की पचमढी येते. या थंड हवेच्या ठिकाणी सेना शिक्षा कोरचे प्रशिक्षण महाविद्यालय असून तेथे सैनिकांना चिनी भाषाही शिकवली जाते. सीमेवरील बैठकीत दुभाष्या म्हणून बसणाऱ्याला समोरच्याचे बोलणे एकदाच ऐकावयास मिळते. म्हणून त्याच्या शिक्षणात कानाला अग्रस्थान द्यावे लागते.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील पु. वि. बापट यांची गरज अगदी निराळी होती. पाली विनयावरील ‘समंतपासादिका’ या टीकेशी निगडित असा एक ग्रंथ संघभद्राने इ. स. 489 च्या सुमारास चिनीत उतरविला होता. बापटांनी हिराकावा या जपानी विद्वानासह त्याचे इंग्रजी भाषांतर 1970 मध्ये प्रसिद्ध केले. अशा अभ्यासकाला बाजारात भाव विचारता आला नाही तरी चालते. त्याला प्राचीन लिपिचिन्हे आणि त्यांचे पाली-संस्कृत प्रतिशब्द हवेत.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. भाषा त्यांनी तेथे काम करीत असतानाच आत्मसात केली आणि पुढे ते चिनीतून व्याख्याने देऊ लागले. 9 डिसेंबर 1942 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. वैद्याला पहिल्याच दिवशी लागणारा शब्द ‘थंग’, म्हणजे दुखणे. त्यातील महाप्राण हरवून ‘तंग’ म्हटले, आणि सूरही बदलला, तर अर्थ होतो ‘थांबा’. रुग्णाच्या खाटेपाशी ही चूक क्षुल्लक ठरत नाही.

या बाबतीत मराठी विद्यार्थ्याजवळ मोठे भांडवल आहे, पण रोमन लिपी ते वाया घालविते. बेजिंग असे जे आपण वाचतो त्याचा चिनी उच्चार ‘पेय्-चिंग’च्या जवळचा आहे. त, थ किंवा प, फ हा भेद आपल्याला उपजतच ठाऊक असतो. शिवाय ‘चार’ आणि ‘चांगला’ यांतील च आपण वेगवेगळे उच्चारतो. चिनीतही तसे दोन्ही उच्चार आहेत. जबलपूरच्या मराठी घरातल्या मुलाला हा भेद आयता मिळतो, तर शेजारच्या हिंदीभाषकाला तो शिकावा लागतो. म्हणून प्रारंभीचे धडे देवनागरीतून देणेच श्रेयस्कर.

सुरांपुढे मात्र सगळेच नवशिके. ‘मा’ हा ध्वनी उंच व सपाट सुरात आई, चढत्या सुरात ताग, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात घोडा, तर उतरत्या सुरात शिवी देणे असा होतो. वाचनापुरती भाषा शिकणाऱ्यावर याची घोकंपट्टी लादू नये. उलट बोलीपुरतेच शिकणाऱ्यालाही लिपी पूर्णपणे टाळता येत नाही. ‘आत जाणे’ आणि ‘मनाई’ या दोन अर्थांची एकाक्षरी रूपे ‘चिन’ अशी एकाच सुरात उच्चारली जातात. बोलताना जोडशब्दांमुळे घोटाळा टळतो, पण फलकावर ‘मनाई’चे एकटे चिन्ह असले तर ते डोळ्यांनाच ओळखावे लागते. म्हणून पचमढीच्या सैनिकालाही कानाबरोबर काही शे चिन्हे हवीतच. आणि कोणती, हे पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने नव्हे तर त्याच्या कामावरून ठरवावे लागते.