कड सापडली, ताट कुठे आहे?

फायनल इयरच्या प्रोजेक्टला इमेज प्रोसेसिंग घेतलं की एज डिटेक्शन आलंच. तयार फंक्शन एका ओळीत बोलावलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा उमटतात. व्हायवात मात्र प्रश्न येतो, 'थ्रेशोल्ड एवढाच का घेतला?' त्या एका ओळीत काय दडलंय, ते मी वहीत सोडवता येईल अशा आकड्यांत मांडतो.

समजा, फोटोतलं मेसचं स्टीलचं ताट शोधायचंय. संगणकाला ताट दिसत नाही, 0 ते 255 मधले आकडे दिसतात. टेबल गडद, ताट उजळ. काठावरून जाणारी एक ओळ घ्या: 50, 50, 50, 150, 150, 150. शेजारच्या आकड्यांची वजाबाकी केली की 0, 0, 100, 0, 0. जिथे 100, तिथे कड. मूळ तत्त्व एवढंच.

पण फोटोत नॉइज असतो. दुसऱ्या 50 चा 80 झाला, तर वजाबाकीत 30 येतात आणि खोटी कड डोकावते. यावर 1968 सालची सोबेल पद्धत वरची आणि खालची ओळही विचारात घेते. उजव्या रकान्यातून डावा वजा करायचा, मधल्या ओळीला दुप्पट वजन द्यायचं. आता खऱ्या कडेला 400 मिळतात, खोटीला फक्त 60. म्हणजे नॉइजचा वाटा 30 टक्क्यांवरून 15 वर आला. पण 400 हे उत्तर शेजारच्या दोन पिक्सेलवर येतं, म्हणजे कड जाड झाली.

इथेच खरी ओढाताण आहे. नॉइज घालवायला चित्र जितकं पुसट करावं, तितकी कडेची नेमकी जागा हरवते. जॉन कॅनी यांनी 1986 च्या लेखात हाच तोल गणिताने मांडला. आधी गाउसियन फिल्टरने चित्र मऊ करायचं, मग उतार काढायचा, उताराच्या दिशेत सर्वांत मोठा पिक्सेल तेवढा ठेवायचा आणि शेवटी दोन थ्रेशोल्ड लावायचे. वरच्याच्या पुढचे पिक्सेल थेट पास, खालच्याच्या आतले नापास. मधल्यांना वशिला लागतो! पास झालेल्या पिक्सेलशी साखळी जुळली तरच ते राहतात. वरचा थ्रेशोल्ड खालच्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवतात.

एवढं करूनही हाती येते ती उजेडातल्या फरकाची कड, वस्तूची नव्हे. ताटावर चमकणारी ट्यूबलाइट आणि बाजूची सावली, दोन्हींना कडा असतात. उलट टेबल ताटाइतकंच उजळ असेल, तर खरा काठच गायब होतो. म्हणून पुढे आकाराचं ज्ञान लागतं. ताट गोल आहे हे माहीत असेल, तर हफ ट्रान्सफॉर्ममध्ये प्रत्येक कड-पिक्सेल आपल्या संभाव्य वर्तुळांना मत देतो आणि तुटक काठातूनही केंद्र सापडू शकतं.

माझं सांगणं एवढंच, की रिपोर्टमध्ये फिल्टरचा सिग्मा आणि दोन्ही थ्रेशोल्ड कारणासकट लिहा. पद्धत जिथे फसली, तो फोटोही छापा. पुढच्या बॅचला त्याचाच जास्त उपयोग होईल.