गटार का तुंबते, नळाचे पाणी का बिघडते

पहिला जोरदार पाऊस झाला की गल्लीच्या तोंडावरचे मॅनहोल उसळते आणि काळे पाणी उंबऱ्याला लागते. "साफसफाई झाली नाही," असे आपण म्हणतो. ते खोटे नाही, पण कारण तेवढेच नाही.

मुंबईत पावसाच्या पाण्याची वाहिनी वेगळी आणि मैल्याची वेगळी, अशी रचना आहे. प्रत्यक्षात दोन्ही मिसळतात. मैल्याची वाहिनी वस्तीपर्यंत आलेलीच नसेल तर संडास नाल्यात सोडले जातात. उलट फुटक्या जोडांतून पावसाचे पाणी मैल्याच्या वाहिनीत शिरते. ही वाहिनी रोजच्या सांडपाण्याच्या मापाची असते. पाऊस शिरला की ती भरते, पंप मागे पडतात आणि सर्वांत सखल मॅनहोलमधून पाणी वर येते. सखल जागेवर बहुधा आपलीच वस्ती असते.

शहरात सध्या वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप व वर्सोवा येथे मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची सात मलजल प्रक्रिया केंद्रे उभारण्याची योजना आहे. समुद्रासाठी आणि खाडीसाठी ते चांगलेच. पण केंद्र हे वाटेचे शेवटचे टोक. गल्लीतून तिथवर पुरेशा मापाची, योग्य उताराची वाहिनी नसेल तर आपल्या दारातले पाणी हटणार नाही. म्हणून वॉर्ड ऑफिसात विचारायचा प्रश्न हा: आमच्या वस्तीची जोडणी या आराखड्यात आहे का, आणि किती माणसे धरून वाहिनीचे माप काढले? भाडेकरू, पोटमाळे मोजले का? अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

आता नळाकडे वळू. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळच येते. पुरवठा थांबला की नळाच्या पाइपातला दाब उतरतो आणि सैल जोडांतून भोवतालचे गटाराचे पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी तेच आधी नळाला येते. सुरुवातीचे पाणी धुण्याभांड्याला वापरा. पिण्याचे पाणी खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या.

अशा पाण्याने जुलाब, विषमज्वर, कावीळ होते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत 'ई' प्रकारची कावीळ आईच्या जिवावर बेतू शकते. अशा बाईचे डोळे पिवळे दिसले तर घरगुती औषधात दिवस घालवू नका. जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. पुडीवर लिहिलेल्या मापाचेच पाणी घाला.

तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले, विशेषतः पायाला जखम असेल, तर लेप्टोचा धोका असतो. ताप यायची वाट न पाहता ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात दाखवा. गोळी डॉक्टरच ठरवतील. गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे असते.

आणखी एक. गटार तुंबले की वर्गणी काढून कुणाला तरी आत उतरवायचे, हे आपल्या वस्त्यांतही घडते. आत उतरणारा बहुतेक आपल्यातलाच असतो. मैल्यातून निघणारा वायू क्षणात बेशुद्ध करतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही मरतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवणे गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूला १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. पैसे काढायचेच तर यंत्राच्या गाडीसाठी काढा. त्याआधी पालिकेकडे तक्रार नोंदवून क्रमांक मागून घ्या.