निर्णयाचे गणित

गणित म्हणजे परीक्षेपुरती आकडेमोड, असा समज पुष्कळांचा असतो. परंतु साधने थोडी व गरजा फार असता कोणता मार्ग पत्करावा, हे ठरविण्याचेही एक गणित आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये पॅट्रिक ब्लॅकेट प्रभृती शास्त्रज्ञांनी जहाजांच्या तांड्यांचा व विमानांचा उपयोग कसा करावा, याचा हिशेबाने विचार केला. अशा प्रयत्नांतून ‘ऑपरेशन्स रिसर्च’ हे शास्त्र वाढले. रेषीय नियोजन ही त्याची एक प्रमुख शाखा होय. तिचा पाया रशियात कांटोरोविच यांनी १९३९ साली घातला, आणि १९४७ साली अमेरिकेत जॉर्ज डांट्झिग यांनी ती उदाहरणे सोडविण्याची पद्धतशीर रीत शोधून काढली.

आता आपल्या माढे तालुक्यातीलच उदाहरण घेऊ. येथे भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. तथापि पाऊस बेभरवशाचा असल्याने पाण्याची चिंता सुटलेली नाही. समजा, एका शेतकऱ्याजवळ १० एकर जमीन आहे व त्याला हंगामात पाण्याच्या ३० पाळ्या मिळतात. एका पाळीत एक एकर भिजतो. सोयीसाठी असे धरू की, एकरी उसास ५ पाळ्या लागतात व ४० हजार रुपये उरतात. ज्वारीस १ पाळी लागते व १० हजार उरतात.

सर्व पाणी उसास दिल्यास ६ एकर ऊस होऊन २ लाख ४० हजार मिळतील, पण ४ एकर पडीक राहतील. सर्व ज्वारी केल्यास १ लाखच मिळेल. ५ एकर ऊस व ५ एकर ज्वारी केल्यास जमीन व पाणी दोन्ही पुरेपूर उपयोगी पडून २ लाख ५० हजार मिळतात. आलेख काढून पाहा : मर्यादांच्या रेषांनी जी आकृती बनते, तिच्या कोपऱ्यांवरच उत्तम उत्तर सापडते. डांट्झिगची रीत कोपऱ्याकोपऱ्याने पुढे जाते. मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ साली आकृतीच्या अंतर्भागातून उत्तराकडे जाणारी नवी रीत जगापुढे मांडली. मराठी मनास याचा अभिमान वाटणे साहजिक आहे.

याहून महत्त्वाचा बोध पुढे आहे. पाण्याच्या ४ पाळ्या वाढल्या, तर ६ एकर ऊस व ४ एकर ज्वारी होऊन प्राप्ती ३० हजारांनी वाढते. म्हणजे एका पाळीचे मोल साडेसात हजार. पाणी तेवढेच ठेवून जमीन ४ एकरांनी वाढली, तर ४ एकर ऊस व १० एकर ज्वारी होऊन प्राप्ती १० हजारांनीच वाढते. म्हणजे एकरामागे अडीच हजार. तेव्हा अशा शेतकऱ्याने नवी जमीन घेण्यापूर्वी ठिबकने पाणी वाचविण्याचा विचार करणे शहाणपणाचे नव्हे काय? पालकांनीही हा हिशेब आपल्या खऱ्या आकड्यांनी मुलांकडून करवून पाहावा.

तथापि गणित मागितले तेवढेच देते. जनावरांच्या कडब्यासाठी ६ एकर ज्वारी हवीच, अशी अट घातली, तर ऊस ४ एकर होऊन प्राप्ती २ लाख २० हजारांवर येते. हे ३० हजार सोडावे की मुकी जनावरे विकावी, हे आकडे सांगत नाहीत. ते आपल्या विवेकाने ठरवायचे. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा शुभवर्तमानातील दृष्टान्त आपणांस ठाऊकच आहे. हिशेब आधी करावा, आणि काय मोलाचे मानावे हे त्याहूनही आधी ठरवावे.